निबंध लिहिण्याआधीचा कागद

दहावीतला मुलगा, एमपीएससीची तयारी करणारी मुलगी आणि सोसायटीच्या गणेशोत्सवात निबंधस्पर्धेला नाव दिलेले निवृत्त काका, तिघांनाही विचारा, घोडं अडतं कुठे? उत्तर एकच येतं: 'सुरुवातच सुचत नाही.' मग कोऱ्या पानावर विषय लिहायचा, त्याखाली दोन रेघा ओढायच्या आणि 'आजच्या विज्ञानयुगात' किंवा 'मानव हा समाजशील प्राणी आहे' असं काहीतरी ठोकून मोकळं व्हायचं. तपासणाऱ्याने तोवर तेच वाक्य गठ्ठ्यातल्या निम्म्या पेपरांत वाचलेलं असतं.

पहिलं वाक्य सुचत नाही, कारण ते वेळेआधी मागितलेलं असतं. काय म्हणायचंय हेच ठरलं नसेल तर सुरुवात कशाची करणार? निबंधाचं निम्मं काम उत्तरपत्रिकेच्या आधी, कच्च्या कागदावर होतं. त्या कागदावर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने, हे इथे एकाच विषयावर करून दाखवतो. विषय शाळेच्या सहामाहीपासून लोकसेवा आयोगापर्यंत कुठेही येईल असा घेतलाय: 'शहर आणि निसर्ग'. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याला यासाठी लांब जायला नको. खाडी दाराशी आहे.

१. विषय दोनदा वाचा, मग लहान करा

पहिल्या वाचनात फक्त एवढंच बघा की तुमच्याकडून काय मागितलंय. 'मी वाशीचा पूल बोलतोय' हे आत्मकथन आहे. तिथे पुलाला डोळे, कान आणि आठवणी हव्यात, आकडेवारी बेताची चालेल. 'तलावपाळीवरची संध्याकाळ' हे वर्णन आहे. तिथे मत मांडत बसलात तर संध्याकाळ हातची जाते. 'शहर आणि निसर्ग' हा वैचारिक विषय. म्हणजे तुम्हाला काय वाटतं आणि का वाटतं, हे सांगावं लागणार.

दुसऱ्या वाचनात दोन गोष्टींचा संबंध बघा. अर्धी मुलं एक पान शहरावर लिहितात, एक पान निसर्गावर, आणि शेवटी दोघांची गाठ घालून देतात. विचारलेलं असतं ते या दोघांच्या मधलं: भांडण आहे, देवाणघेवाण आहे, की एकाने दुसऱ्याला गिळलंय?

आता विषय लहान करायचा. 'निसर्ग' म्हटलं की डोंगर, नद्या, वाघ, ओझोनचा थर असं सगळं अंगावर येतं आणि कशावरच धड लिहून होत नाही. मुठीत मावेल एवढा तुकडा घ्या. येऊरचं जंगल घ्या, कचराळी तलाव घ्या, पारसिकचा डोंगर घ्या. आपण खाडी घेऊ. विषय मोठा ठेवूनही उदाहरण एकच खोलवर घेता येतं, आणि असा निबंध गठ्ठ्यात उठून दिसतो. जगाच्या पर्यावरणावर चार ओळी कोणीही लिहील. वाशीच्या पुलाखाली ओहोटीला काय दिसतं, हे रोज तिथून जाणाराच लिहू शकतो.

२. आडवा कागद, सुचेल ते सगळं

कागद आडवा धरा. उभ्या कागदावर हात आपोआप वरून खाली यादी करायला लागतो, आणि यादी केली की पहिला मुद्दा आपोआप महत्त्वाचा वाटायला लागतो. आडव्या कागदावर मधोमध विषय लिहा आणि भोवती जागा मिळेल तिथे सुचेल ते टाका. शब्द, अर्धी वाक्यं, ऐकलेलं, पाहिलेलं. घरी असाल तर दहा मिनिटं घड्याळ लावा. या वेळात काहीही खोडायचं नाही आणि 'हे बरोबर आहे का' असं स्वतःला विचारायचं नाही. शुद्धलेखन तर विसराच.

गाडी अडली तर जुने सहा प्रश्न आहेतच: कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. मला यात सातवा लागतो: 'कोणाचं नुकसान?' वैचारिक निबंधात बहुतेक वेळा खरा मुद्दा या प्रश्नाखाली सापडतो.

खाडीचा कच्चा कागद साधारण असा भरतो:

फ्लेमिंगो, मराठीत रोहित किंवा अग्निपंख / हिवाळ्याच्या सुमारास येतात, पावसाळ्याआधी जातात / कच्छकडून येतात / गुलाबी रंग शेवाळ खाल्ल्यामुळे / वाशी पुलावरून निर्माल्याच्या पिशव्या / पुलाला जाळी लावली तरी वरून फेकतात / कांदळवन, चिखलातून वर आलेली श्वसनमुळं / कोळीवाडे / जिताडा, निवटी, कोलंबी / मासे कमी झाल्याची कोळ्यांची तक्रार / रात्री डेब्रिजचे ट्रक / ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने / सांडपाणी / अभयारण्य २०१५ / रामसर २०२२ / ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने पक्षी बघायला जातात / नवी मुंबईत चौकाचौकात फ्लेमिंगोचे पुतळे / बिल्डरच्या जाहिरातीत 'खाडीचं दृश्य' / २६ जुलै २००५ / येऊरचे बिबटे / ओहोटीचा वास / खिडकी बंद कर म्हणणारी माणसं / प्लास्टिकबंदी / वडाला दोरे / चिपको

शेवटचे दोन कुठून आले? शाळेच्या पुस्तकातून. येऊ द्या. या पायरीला दारावर पहारेकरी नको.

लोकलने जाणाऱ्यांना एक सांगतो. ठाण्याहून पनवेलला जाणाऱ्या गाडीत गर्दीच्या वेळी वही काढता येत नाही. तिथे मोबाइलवर स्वतःच्याच आवाजात मुद्दे रेकॉर्ड करा, घरी जाऊन कागदावर उतरवा. उतरवताना निम्मे गळतात, आणि बहुतेकदा गळणारे गळण्याच्याच लायकीचे असतात.

आणि हो, मोबाइलवरच्या एखाद्या हुशार यंत्राला मुद्दे विचारायचे असतील तर तुमचा कागद भरल्यावर विचारा. आधी विचारलंत तर सगळ्यांना मिळणारे तेच सहा मुद्दे तुम्हालाही मिळतील, आणि खिडकी बंद कर म्हणणारा माणूस त्यात नसेल.

३. पक्कं काय, ऐकीव काय

आता वेगळ्या रंगाचं पेन घ्या. ज्याबद्दल खात्री आहे त्यापुढे टिंब, ज्याबद्दल शंका आहे त्यापुढे प्रश्नचिन्ह.

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर यादीत जागा मिळाली, हे पक्कं. ही यादी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांची आहे, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, नाहीतर नुसतं नाव टाकण्यात अर्थ नाही. अभयारण्याचं क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग कांदळवनाचा, हेही पक्कं. पण किती फ्लेमिंगो येतात? दर वर्षी आकडा बदलतो. परीक्षेत नेमका आकडा आठवत नसेल तर 'हजारो' लिहा. ते खरं आहे, आणि चुकीच्या आकड्याइतकं निबंधाला दुसरं काही मारत नाही. तपासणाऱ्याला एक आकडा खोटा दिसला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरूनही त्याचा विश्वास उडतो.

घरून निबंध पाठवायचा असेल तर प्रश्नचिन्हं सोडवायला वाचनालयात जा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे. नव्या लोकांना ते फक्त कथा-कादंबऱ्यांसाठी वाटतं, पण स्थानिक इतिहासावरची, गॅझेटियरसारखी जाडजूड पुस्तकं चाळायला अशाच जागा लागतात. आणि कोळ्यांच्या तक्रारीपुढचं प्रश्नचिन्ह पुस्तकात सुटणार नाही. ते मासळीबाजारात सुटेल. एखाद्या मावशीला विचारा, 'खाडीचा जिताडा आता मिळतो का हो?' घाईची वेळ नसेल तर मिळणारं उत्तर निबंधातला सगळ्यात जिवंत परिच्छेद होऊ शकतं. मात्र मावशींचं म्हणणं निबंधात त्यांचं म्हणणं म्हणूनच द्या. 'मासे सत्तर टक्के घटले' असं त्याचं शास्त्र करू नका.

४. निवडणं

बाजारातून मेथीची जुडी आणणं आणि ती निवडणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकदम करायला गेलात तर ओट्यावर नुसता पसारा. दुसऱ्या पायरीत जमवलं, आता निवडायचं. दोन्हींमध्ये थोडा वेळ जाऊ दिला तर उत्तमच, चहा घ्या.

कागदावर नजर फिरवा आणि एकमेकांशी बोलणारे मुद्दे शोधा. एकाच अक्षराने खूण करा. आमच्या कागदावर चार गट दिसतात. 'अ' म्हणजे खाडीत राहणारे: पक्षी, कांदळवन, मासे. 'ब' म्हणजे खाडीवर पोट असणारे: कोळी. 'क' म्हणजे खाडीत टाकणारे: निर्माल्य, डेब्रिज, सांडपाणी. 'ड' म्हणजे खाडी मिरवणारे: पुतळे, जाहिराती, फोटो.

'ड' हा गट आधी डोक्यात नव्हता. पुतळा आणि बिल्डरची जाहिरात वेगवेगळ्या कोपऱ्यांत लिहिलेल्या होत्या, खूण करताना त्या एका अक्षराखाली आल्या. एवढ्यासाठीच गट पाडायचे. 'फायदे', 'तोटे', 'उपाय' असे तयार डबे घेऊन बसलात तर हे होत नाही. शाळेत हे तीन डबे इतके घोटून घेतात की 'माझी आई' या विषयावरही मुलं फायदे-तोटे काढतील अशी मला भीती वाटते.

मग खोडायचं. येऊरचे बिबटे जातील, चांगले असूनही. आपण खाडी घेतलीय. चिपको, वडाला दोरे, प्लास्टिकबंदी जातील. २६ जुलै २००५? त्या पावसानंतर मिठी नदी आणि कांदळवनांचं महत्त्व मुंबईत सगळ्यांच्या तोंडी आलं, म्हणून मोह होतो. पण तो मुंबईचा मोठा वेगळा विषय आहे, दोन ओळींत मावायचा नाही. खोडा. कागदावरचा तिसरा हिस्सा तरी खोडला गेला नाही तर निवडणं झालंच नाही असं समजा.

५. एक वाक्य

नवख्यांना ही पायरी वेळ घालवणारी वाटते म्हणून ते ती टाळतात. मला विचाराल तर बाकी सगळ्या पायऱ्या गाळल्या तरी चालतील, ही नको.

सगळा निबंध एका वाक्यात सांगायचा. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ते वाक्य लिहायचं. ते निबंधात जसंच्या तसं येईलच असं नाही, पण प्रत्येक परिच्छेद त्याच्यासाठी राबला पाहिजे.

पहिला प्रयत्न: 'निसर्गाचं रक्षण करणं ही काळाची गरज आहे.' याला कोण नाही म्हणणार? ज्या वाक्याला कोणी नाही म्हणू शकत नाही, त्यासाठी दोन पानं लिहायची गरजच काय?

दुसरा प्रयत्न: 'ठाण्याची खाडी प्रदूषित झाली आहे.' ही बातमी झाली. बातमीसाठी पुरावे गोळा करता येतील, पण त्यात तुम्ही कुठे आहात?

तिसरा: 'शहरांनी निसर्गाबरोबर संतुलन राखलं पाहिजे.' संतुलन हा शब्द आला की समजावं, विचार थकलाय.

आता 'ड' आणि 'क' हे गट शेजारी ठेवून बघा. एकच शहर पुलावरून पिशवी फेकतं आणि त्याच पुलावरून फ्लेमिंगोचा फोटोही काढतं. पुतळा उभारतं, आणि पक्षी ज्यावर जगतो त्या चिखलाचा वास आला की खिडकी लावतं. यातून वाक्य निघतं: 'शहराने खाडीतला देखणा पक्षी तेवढा उचलला, तो ज्या चिखलावर जगतो त्याकडे पाठ फिरवली.'

हे वाक्य चालेल. का, ते तपासायला तीन प्रश्न विचारा. कोणी याला विरोध करू शकेल का? करेल: 'पुतळ्यांमुळेच तर लोकांना खाडीची माया वाटायला लागली.' चांगला विरोध आहे, पुढे कामाला येईल. माझ्याकडे याला आधार आहे का? आहे, 'अ', 'क' आणि 'ड' मधला बहुतेक माल याच्याच बाजूचा आहे. आणि विषयाशी नातं आहे का? शहर निसर्गाशी कसं वागतं, हेच तर सांगतोय: निवडून प्रेम करतं.

वाक्य बनलं की एक मजा होते. काही मुद्दे अचानक जड होतात. गुलाबी रंग शेवाळामुळे येतो, ही आधी नुसती सामान्यज्ञानाची माहिती होती. शेवाळातली रंगद्रव्यं पोटात जाऊन पिसांत उतरतात. म्हणजे ज्या रंगासाठी आपण त्याचे पुतळे करतो, तो रंग त्याला चिखलपाण्यातून मिळतो. आता तोच मुद्दा निबंधाचा कणा झाला.

उलटंही होतं. काही अभ्यासकांच्या मते खाडीत येणाऱ्या सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांमुळे शेवाळ वाढतं आणि त्यामुळेही फ्लेमिंगोंची गर्दी होते. हे वाचल्यावर नवखा लेखक घाबरतो: आता प्रदूषण चांगलं म्हणायचं? तो मुद्दा गुपचूप खोडतो. खोडू नका. तो तुमच्या वाक्याच्या बाजूचाच आहे. पक्षी भरपूर आले म्हणजे खाडी निरोगी, हा आपला समज चुकीचा ठरतो. फक्त पक्ष्याकडे बघणाऱ्याला खाडीची तब्येत कळणारच नाही. ती कळेल जाळ्यात काय येतं त्यावरून. बघा, 'ब' गटातले कोळी इथे आपोआप निबंधात आले. अडचणीचा मुद्दा सहसा असाच सगळ्यात कामाचा निघतो.

६. क्रम लावणं

क्रम लावायच्या रीती फार नाहीत. काळाप्रमाणे, जवळून दूर, कारणाकडून परिणामाकडे, साध्याकडून गुंतागुंतीकडे, किंवा आधी विरोधकाचं म्हणणं आणि मग आपलं. कुठली घ्यायची हे आवडीवर नाही, तुमच्या वाक्यावर ठरतं. 'खाडी बदलत गेली' असं वाक्य असतं तर काळाचा क्रम लागला असता. आपलं वाक्य पाठ फिरवण्याबद्दल आहे, म्हणजे आधी जे दिसतं ते, मग जे दिसत नाही ते.

गटांची अक्षरं छोट्या चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर सरकवून पाहा. परीक्षेत चिठ्ठ्या नसतात, तिथे मुद्द्यांपुढे आकडे टाकायचे आणि गरज पडली तर खोडून पुन्हा टाकायचे. दोन मुद्द्यांमध्ये 'म्हणून', 'पण' किंवा 'तरीही' बसतो का हे बघा. नुसता 'आणि'च बसत असेल तर त्या दोघांचा क्रम अजून लागलेला नाही, ते फक्त शेजारी उभे आहेत.

७. सांगाडा

सांगाड्यातली प्रत्येक ओळ पूर्ण वाक्यात लिहा. 'कांदळवन' एवढंच लिहिलंत तर लिहायच्या वेळी तुम्ही कांदळवनाबद्दल येतं ते सगळं लिहाल. 'पक्षी, मासे आणि किनारा तिघंही कांदळवनाच्या चिखलावर उभे आहेत' असं लिहिलंत तर काय लिहायचं नाही तेही ठरतं.

आमचा सांगाडा:

एक. वाशीच्या पुलावर एकाच वेळी निर्माल्याची पिशवी आणि फ्लेमिंगोचा फोटो काढणारा मोबाइल दिसतो.
दोन. शहराने फ्लेमिंगोला आपली खूण म्हणून स्वीकारलंय. (पुतळे, जाहिराती, ऐरोलीहून निघणारी बोट, २०१५, २०२२)
तीन. पण त्याचा रंगसुद्धा चिखलातून येतो. (शेवाळ, कांदळवन, श्वसनमुळं)
चार. कोणी म्हणेल, पक्षी येताहेत ना, मग खाडी ठीकच आहे. (सांडपाणी आणि शेवाळ, पक्ष्यांच्या संख्येवरून तब्येत कळत नाही)
पाच. खाडीची खरी नोंद कोळ्यांकडे आहे. (जिताडा, निवटी, मावशींचं म्हणणं)
सहा. चिखलाकडे बघणारं शहर काय वेगळं करेल? (सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया, भरावाला आळा, भरतीच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या)

सहा ओळी, प्रत्येकीखाली कंसात दारूगोळा. शालेय निबंधाला एवढं खूप झालं. तिथे चौथी ओळ दोन वाक्यांत उरकली तरी चालेल. सहाव्या ओळीत 'जनजागृती केली पाहिजे' नाही, हे लक्षात आलं असेल. जनजागृती कोण करणार, कधी, कोणाची, हे सांगता येत नसेल तर तो शब्द सांगाड्यात येऊ देऊ नका. २०२४ मध्ये नेरूळच्या एका पाणथळ जागेत फ्लेमिंगो मेले, तेव्हा भरतीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्याची तक्रार पर्यावरणप्रेमींनी केली होती. 'वाटा मोकळ्या' या दोन शब्दांमागे असं ठोस काहीतरी हवं.

८. सुरुवात आणि शेवट सगळ्यात शेवटी

सांगाडा झाल्यावर सुरुवात शोधावी लागत नाही, ती बहुधा कागदावरच असते. आमची पहिल्या ओळीत आहे. प्रसंग असेल तर प्रसंग, नसेल तर थेट आपलं म्हणणं. सुभाषित किंवा अभंगाची ओळ चालेल, पण ती तुमच्या वाक्याशी इमानदार असेल तरच. 'वृक्षवल्ली' हे दोन शब्द दिसले की परीक्षक आता तुकोबांकडे आदराने आणि विद्यार्थ्याकडे संशयाने बघतात.

शेवटासाठी सांगाड्यातला शेवटचा मुद्दा पुरतो. तो नीट सांगून झाला की थांबा. 'अशा प्रकारे' म्हणून वर सांगितलेलं परत सांगू नका. वाचणाऱ्याने ते दोन मिनिटांपूर्वीच वाचलंय.

९. वेळेचा हिशेब

शाळेच्या परीक्षेत निबंधाला साधारण वीस मिनिटं मिळतात असं धरलं तर चार मिनिटं कागदाला द्या. त्यात दुसरी, पाचवी आणि सातवी पायरी, बाकीच्या मनातल्या मनात. कच्चं काम उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर करा आणि त्यावर तिरकी रेघ मारा.

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर २५० गुणांचा, तीन तासांचा, आणि १००० ते १२०० शब्दांचे दोन निबंध. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाल्यामुळे तिथेही निबंधाला २५० गुणांचा वेगळा पेपर आहे. म्हणजे एका निबंधाला दीड तास. त्यातली वीस-पंचवीस मिनिटं आराखड्यावर गेली तर काळजाचा ठोका चुकतो, शेजारचा तिसऱ्या पानावर असतो. जाऊ द्या त्याला. आराखडा असेल तर १२०० शब्द तासाभरात होतात, कारण मध्ये थांबून छताकडे बघावं लागत नाही. विषय निवडतानाही हाच कागद उपयोगी: दोन विषयांत मन अडकलं तर दोन्हींवर तीन-तीन मिनिटं कच्चं लिहा, ज्याचं 'एक वाक्य' आधी सापडेल तो घ्या. आवडीचा विषय आणि लिहिता येण्यासारखा विषय एकच असेल असं नाही.

१०. आराखडा मोडला तर

लिहिता लिहिता नवं सुचतं. सुचू द्या. फक्त वरच्या कोपऱ्यातल्या वाक्याकडे एकदा बघा: नवा मुद्दा त्याच्यासाठी राबतोय का? हो असेल तर सांगाड्यात जागा करा, वाटल्यास एखादी ओळ काढा. नसेल तर समासात टिपून ठेवा, पुढच्या निबंधाला होईल. कधी कधी तिसऱ्या परिच्छेदात लक्षात येतं की मूळ वाक्यच बदललंय. घरी असाल तर खुशाल बदला आणि सांगाडा पुन्हा लावा. परीक्षेत असाल तर जुन्या वाक्यालाच धरून राहा. अर्ध्यावर दिशा बदललेला निबंध लगेच ओळखू येतो.

लिहून झाल्यावर उलटं करा. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात, त्यात प्रत्यक्ष काय म्हटलंय ते चार-पाच शब्दांत लिहा आणि सांगाड्याशी ताडून बघा. दोन परिच्छेदांपुढे तेच शब्द आले तर एक कापा. एखाद्यापुढे काहीच लिहिता येईना तर तो परिच्छेद नुसता गोड बोलतोय.

११. सराव: निबंध न लिहिता

आठवड्याला एक अख्खा निबंध लिहिण्यापेक्षा तीन आराखडे करा, असं मी नवख्यांना सांगतो. लिहायचा हात पुढेही बसेल, विचार लावायची सवय आधी लागू दे. चार विषय देतो, चौघांनाही इथलीच सामग्री पुरते.

'विकास आणि विस्थापन'. नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली; १९८४ मध्ये जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या जासईच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, दि. बा. पाटील यांचं नेतृत्व, पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना. इथे माल इतका आहे की खोडणं हेच खरं काम. एका गावाचा तुकडा घ्या. 'कोणाचं नुकसान' हा सातवा प्रश्न इथे दोन पिढ्यांना वेगवेगळा विचारून बघा, आजोबांचं आणि नातवाचं उत्तर एक येणार नाही.

'बाजार'. वाशीच्या एपीएमसीत पहाटे जाऊन या. हा विषय वर्णनाचा करायचा की वैचारिक, हे आधी ठरवा, मगच कागद आडवा करा.

'पूल'. आत्मकथन सोपं वाटतं म्हणून सगळे तेच घेतात. वैचारिक करून बघा: पुलामुळे कोण जवळ आलं आणि कोणाचा धंदा बुडाला? पूल नव्हते तेव्हा होडीने माणसं पलीकडे नेणारे होतेच ना.

'प्रगतीची चाकं'. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला प्रवाशांची पहिली गाडी आली, १४ डबे, ३ इंजिनं, सुमारे ३४ किलोमीटर. हे ठाण्यातल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं, त्यामुळे प्रत्येक निबंधाची सुरुवातही तीच. आराखडा करताना ही तारीख पहिल्या ओळीत ठेवायला मनाई करा, चौथ्या ओळीत ठेवून बघा, आणि तिच्याआधी येणाऱ्या तीन ओळी शोधा.